सूड आणि सुडो

रात्री पावणेतीनला टीव्हीच्या पडद्यावर तीन दातेरी चाकं फिरायला लागली, एक लाल, एक हिरवं, एक निळं, आणि मी बायकोला हाक मारून उठवलं.

ती डोळे चोळत बाहेरच्या खोलीत आली. आधी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय आहे हे?"

"चाकं."

"मग?"

"फिरतायत!"

आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली. एवढ्या काळात तिने मला बऱ्याच अवस्थांत पाहिलंय. तरी माझ्या कपाळाला हात लावून बघावा की स्वतःच्याच लावावा, या विचारात ती क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, "आणि गेम?"

"तो अजून चालत नाही."

"मग चाकं कशाला फिरतायत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती झोपायला गेली. मी चाकांकडे बघत बसलो. लागोपाठच्या रात्री काळ्या पडद्यासमोर काढलेल्या माणसाला जे हलेल ते गोड वाटतं.

या सगळ्याच्या मुळाशी सूड आहे. सूड जुना आहे, 1996 च्या मे महिन्यातला. चौथीच्या स्कॉलरशिपची परीक्षा दिली म्हणून बाबांनी साताऱ्याच्या बाजारातून 'व्हिडिओ गेम' आणला. निकाल लागायच्या आधीच आणला, कारण निकालावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. निन्टेन्डोने 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉम नावाच्या यंत्राची ती बिनपरवाना नक्कल होती, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा इतकंच ठाऊक होतं, की त्याच्या कार्ट्रिजवर 9999999 गेम असल्याचं छापलंय. नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव! दादाने वहीत टिपण करत चारशेपर्यंत तपासले आणि जाहीर केलं, की गेम सातच आहेत, बाकी तेच ते फिरवून वाढलेत.

त्या सातांतला एक होता 'काँट्रा'. कोनामी कंपनीचा, 1988 सालचा. उघड्या अंगाचे दोन शिपाई बंदुका घेऊन पळतात. पहिला शिपाई दादाचा, कारण तो मोठा. दुसरा माझा, कारण मी उरलेलो. तिसऱ्या पातळीवर धबधबा येतो. तिथे खालून वर उड्या मारत चढायचं असतं, आणि पडदा वर सरकतो तो पुढच्या गड्याच्या चालीने. मागचा पडद्याच्या खालच्या कडेला गेला, की मेला. शत्रूची गोळी नाही, काही नाही. भाऊ पुढे गेला एवढंच मरणाचं कारण. दादा टणाटण उड्या मारत वर जायचा आणि मी खाली मरायचो. वर्षभर, रोज, त्याच धबधब्यात. वर तो म्हणायचा, "हळू आहेस, बारक्या." आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "अरे, त्याला एकदा तरी जिंकू दे, लहान आहे तो." शत्रूपेक्षा त्या वाक्याने मी जास्त वेळा मेलोय.

तो दादा गेली पंधरा वर्षं न्यू जर्सीत असतो. या नाताळच्या सुट्टीत तो पुण्याला आमच्याकडे येणार असं ठरलं, आणि माझ्या मनात तो धबधबा पुन्हा कोसळायला लागला. ठरवलं, की या वेळी काँट्रा माझ्या घरी, माझ्या टीव्हीवर, आणि पहिला कंट्रोलर माझ्या हातात.

घरात 2016 सालचा एक कॉम्प्युटर होता. त्यावरच्या विंडोज 10 चा अधिकृत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला लागणारा प्रोसेसर या जुन्या खोक्यात नव्हता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स टाक. फुकट आहे." फुकट हा शब्द आमच्या घराण्यात निर्णायक असतो.

लिनक्सचा पाया रचला तो लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने, 1991 साली. आपण हे हौसेखातर करतोय, फार मोठं काही होणार नाही, असं त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. त्याच्या त्या हौसेचा गाभा, म्हणजे कर्नल, 2025 च्या सुरुवातीला सुमारे 4 कोटी ओळींचा झाला होता. हा आकडा लक्षात ठेवा. 4 कोटी ओळींना मी एका शब्दाने कसं गप्प बसवलं, याचीच ही गोष्ट आहे.

आता एक कबुली. काँट्रासारख्या गेमला ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. ज्या यंत्रासाठी तो लिहिला, त्याच्याकडे 2 किलोबाइट मेमरी होती. आजचं साधं मनगटी घड्याळही त्यापुढे महासंगणक ठरेल. हे भाच्याने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. पण मला नुसता गेम नको होता. मला तो 1996 मध्ये दिसायचा तसा हवा होता.

फॅमिकॉमचं चित्र 256 गुणिले 240, म्हणजे 61,440 ठिपक्यांचं. माझ्या नव्या 4के टीव्हीवर ठिपके 82,94,400. बरोबर 135 पट. म्हणजे जुन्या एका ठिपक्याच्या जागी एकशे पस्तीस ठिपके माझ्या दिमतीला हजर. आणि ते वापरून मला काय करायचं होतं? चित्र बिघडवायचं होतं. जुन्या फुगीर टीव्हीच्या आडव्या रेघा, कडांची गोलाई, रंगांचं एकमेकांत पाझरणं, हे सगळं हुबेहूब उभं करणारे 'शेडर' नावाचे छोटे प्रोग्रॅम असतात. ते दर ठिपक्याचा हिशेब सेकंदाला साठ वेळा मांडतात, आणि त्या हिशेबासाठी लागतं ग्राफिक्स कार्ड. चांगल्या टीव्हीवर वाईट चित्र दिसावं म्हणून मी साडेपाच हजार रुपये खर्च करायला निघालो होतो.

कार्ड घेतलं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, सेकंडहॅण्ड. जुन्या गाडीच्या जाहिरातीत नेहमी 'डॉक्टरांनी वापरलेली' असं असतं. इथेही दुकानदार म्हणाला, "डॉक्टरांचं कार्ड आहे साहेब. फक्त एक्स-रे बघायचे." कार्ड एका प्रसिद्ध कंपनीच्या खोक्यात होतं. खोक्यावर तिचं नाव ठसठशीत छापलेलं. प्रत्यक्ष कार्डावरही बारीक अक्षरांत काहीतरी होतं, पण चष्मा घरी होता.

पहिल्या रात्री पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू केला. पडदा काळा. दहा सेकंद वाट पाहिली, बटण दाबून बंद केला. पुन्हा सुरू, पुन्हा काळा, पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला भाच्याला फोन लावला. त्याने सुरुवातीच्या यादीत शिरून ओळीच्या शेवटी एक शब्द टाइप करायला सांगितला: नोमोडसेट.

"काय? नमो..?"

"नोमोडसेट, मामा. तात्पुरता उपाय आहे. फक्त आत शिरण्यापुरता."

मला तो बीजमंत्र वाटला. नमोडसेट! मी तो टाइप केला आणि काय आश्चर्य, अर्ध्या मिनिटाने पडदा उजळला. माझा पेनड्राइव्ह मुळातच गोगलगायीच्या जातीचा असून त्याला दर वेळी अर्धं मिनिट लागणारच होतं, आणि आधी दोन्ही वेळा मीच दहा सेकंदांत त्याचा गळा दाबला होता, हे मला तेव्हा सुचलं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि मी त्या कावळ्याची प्राणप्रतिष्ठा केली. लिनक्स नीट बसल्यावर एक फाइल उघडून तो शब्द कायमचा लिहून टाकला. रोज रोज कोण टाइप करत बसणार? भाचा 'तात्पुरता' म्हणाला होता खरा, पण आपल्याकडे तात्पुरती पाण्याची लाइनसुद्धा तीस वर्षं टिकते.

ती फाइल बदलायला 'सुडो' ही आज्ञा लागते. पुढे जे सांगतोय ते यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने सांगतोय, असा तिचा अर्थ. अमेरिकेतल्या बफेलोच्या विद्यापीठात 1980 च्या सुमारास बॉब कॉगशेल आणि क्लिफ स्पेन्सर या दोघांनी ती घडवली. त्यांना मराठी येत असण्याची शक्यता कमी, पण आज्ञा मात्र नेमकी माझ्यासाठी होती. सुडो लिहायचं, पुढे काम लिहायचं, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, टिंबसुद्धा नाही. कीबोर्ड मेला असं समजून मी पहिल्यांदा तो उलटा करून झटकला. त्यातून चिवडा पडला.

"काय पुटपुटतोयस? सुडो काय?" बायकोने विचारलं.

"सूड," मी म्हणालो, आणि मला एकदम बरं वाटलं.

दुसऱ्या रात्री एम्युलेटर बसवला. एम्युलेटर म्हणजे संगणकातला बहुरूपी. लहानपणी आमच्या गल्लीत हवालदाराच्या वेषात बहुरूपी यायचा आणि असा दम भरायचा, की खरा हवालदार त्यापुढे सोंग वाटावा. एम्युलेटर तसाच गेमपुढे उभा राहून सांगतो, की मी फॅमिकॉम आहे. गेम बिचारा 1988 सालचा, भोळा. तो विश्वास ठेवतो. पण सोंग वठवायचं तर मूळ यंत्राच्या खोडीही उचलाव्या लागतात. एका आडव्या रेघेत आठाहून जास्त हलती चित्रं आली की खरं फॅमिकॉम त्यांतली काही गाळतं आणि ती लुकलुकायला लागतात. चांगला एम्युलेटर ती लुकलुकही इमानाने उतरवतो. गुण सगळेच उचलतात. दोष उचलतो तो खरा बहुरूपी.

गेम सुरू केला, शेडर लावला. शिपायाने पाय उचलला. मी पाणी पिऊन आलो, तरी पाय हवेतच होता. सेकंदाला साठ चित्रं दिसायला हवीत तिथे दोन दिसत होती. कॉम्प्युटरचा पंखा मात्र असा घोंघावत होता, की शेजारच्या काकूंनी सकाळी विचारलं, रात्री गिरणी चालू होती का.

कारण सांगायला पंगतीचा दाखला बरा. गेम म्हणजे आचारी, चित्र म्हणजे जेवण, ग्राफिक्स कार्ड म्हणजे वाढप्यांची फौज. ड्रायव्हर म्हणजे त्या फौजेचा मुकादम: आचाऱ्याची भाषा त्याला कळते आणि वाढप्यांचीही. मुकादमच आला नाही, तर वाढपी मांडवाबाहेर विड्या ओढत बसतात आणि मुलीचा बाप, म्हणजे बिचारा प्रोसेसर, एकटा पाचशे पानं वाढत सुटतो. जेवण मिळतं सगळ्यांना, पण वरण येईपर्यंत भात वाळलेला असतो.

म्हणजे ड्रायव्हर हवा. खोक्यावरच्या कंपनीचा ड्रायव्हर! या कंपनीची आणि लिनक्सवाल्यांची जुनी खडाखडी मला ऐकून माहीत होती. 2012 साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या गप्पांत खुद्द टोरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे बघून तिला मधलं बोट दाखवलं होतं. (आल्टोच्या नावाचं विद्यापीठ आहे हे कळल्यावर मला आधी आमची जुनी गाडी आठवली. तीही चढावर असंच काहीतरी दाखवायची.) आपली माहिती कंपनी उघड करत नव्हती म्हणून स्वयंसेवकांनी तिची कार्डं उलटसुलट तपासून 'नुव्हो' नावाचा ड्रायव्हर स्वतःच बनवला. नुव्हो म्हणजे फ्रेंचमध्ये नवा. हे सगळं वाचून माझी छाती फुगली. आपली अडचण जागतिक दर्जाची आहे, ही भावना मध्यमवर्गीय माणसाला फार सुखावते.

ड्रायव्हर बसवताना एका निळ्या चौकटीने सांगितलं, की सिक्युअर बूट चालू आहे. ओळख नसलेल्याला आत घ्यायचं तर एक पासवर्ड ठरवा, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना तो द्या. ठरवला. यंत्र पुन्हा सुरू व्हायला लागलं आणि मी चहा टाकायला गेलो. ती निळी पाटी दहाच सेकंद थांबते, कोणी उत्तर दिलं नाही तर निघून जाते. आल्याचा तुकडा किसून होईपर्यंत माझी संधी गेली होती. ड्रायव्हरला हाक मारली तर उत्तर आलं: किल्ली नाकारली.

तिसऱ्या रात्री मी चहा आधीच पिऊन, यंत्रासमोर उकिडवा बसून, ती पाटी धरली. पासवर्ड दिला. किल्ली स्वीकारली गेली. मी मूठ आवळली. ड्रायव्हरला पुन्हा हाक मारली. आता उत्तर आलं: असं कोणतंही उपकरण नाही.

नाही? साडेपाच हजार दिलेत!

इथे शहाणा माणूस थांबला असता. भाच्याने दुसऱ्याच दिवशी मेसेज केला होता: 'मामा, एकदा एलएसपीसीआय चालवून बघ, कार्ड कुठलं ते कळेल.' मी उत्तर दिलं होतं, 'कार्ड कुठलं ते मला माहीत आहे, खोकं समोर आहे.' मग मी स्वतःच्या हिमतीवर पडद्याच्या मांडणीची एक फाइल हाताने लिहिली आणि तीत त्या ड्रायव्हरचं नाव असं ठासून घातलं, की दुसऱ्या कुणाकडे बघायचंच नाही. यंत्र पुन्हा सुरू केलं. आता खिडक्या नाहीत, चित्र नाही, बाण नाही. काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक आडवी रेघ. आठाहून जास्त नव्हत्या. एकच होती, तरी लुकलुकत होती.

रात्री साडेबाराला भाच्याला फोन. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकदम दाबून तो मला लिहिण्याच्या काळ्या पाटीवर घेऊन गेला आणि फोनवरून एकेक अक्षर सांगू लागला.

"सुडो, मोकळी जागा, आर, एम..."

"एम मुंबईचा की एन नाशिकचा?"

"मुंबईचा. मामा, इथे चुकू नकोस, ही पुसायची आज्ञा आहे. आता मोकळी जागा, मग तिरकी रेघ."

"कुठे तिरकी?"

"डोक्यावर उजवीकडे झुकलेली. पण रेघेनंतर एंटर नको! मामा, अजिबात एंटर नको!"

त्याच्या आवाजात जी भीती होती ती मी याआधी फक्त त्याच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी ऐकली होती. फाइल गेली, पडदा परतला. पहाटे बायकोने विचारलं, रात्री फोनवर मुंबई-नाशिक काय चाललं होतं, कुठे जायचंय का.

चौथी रात्र तुम्हाला माहीतच आहे. जीएलएक्सगिअर्स नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम असतो, ग्राफिक्सचा श्वास चालू आहे का हे बघायचा. तीच ती तीन चाकं. दर पाच सेकंदांनी तो वेगाचा आकडाही लिहितो. माझा आला सेकंदाला 840! साठ पाहिजेत तिथे आठशे चाळीस! मग दुसऱ्या एका आज्ञेने कार्डाचं नाव विचारलं. उत्तर आलं: एलएलव्हीएमपाइप. नाव भारदस्त वाटलं. मी भाच्याला अभिमानाने कळवलं, की कार्ड सापडलं, नाव एलएलव्हीएमपाइप, वेग आठशे चाळीस.

सकाळी त्याचं उत्तर आलं. 'मामा, एलएलव्हीएमपाइप म्हणजे कार्ड नाहीये हेच सांगायची सभ्य पद्धत आहे. सगळं प्रोसेसर करतोय. आणि त्या चाकांवर वेग मोजत नसतात. रविवारी मी येतोय. तोपर्यंत कशालाही हात लावू नकोस.' शेवटच्या वाक्याखाली त्याने दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या, आमच्या डॉक्टरांसारख्या.

रविवारी भाचा आला. मिसळ खाल्ली, दुसरा पाव मागितला, हात पुसले आणि एक आज्ञा टाइप केली. एलएसपीसीआय. यादी आली. तिच्यावरून बोट फिरवत तो एका ओळीपाशी थांबला.

"मामा, हे कार्ड त्या कंपनीचं नाहीच. दुसऱ्या कंपनीचं आहे."

मी खोकं पुढे केलं.

"खोकं त्या कंपनीचं आहे," तो शांतपणे म्हणाला.

आमच्या घरात बिस्किटांचा एक गोल निळा डबा आहे. त्यात पंचवीस वर्षं सुईदोरा आहे. तो उघडून बिस्किट मिळेल अशी आशा या घरात कोणी धरत नाही, पाहुणेसुद्धा. त्या घरात वाढलेल्या माणसाने खोक्यावरून कार्ड ओळखावं! जिचा एक स्क्रूही माझ्या घरात नव्हता, त्या कंपनीला मी चार रात्री शिव्या घातल्या होत्या. टोरवाल्ड्सच्या बोटाला स्वतःचं बोट जोडलं होतं.

"मग या कंपनीचा ड्रायव्हर कुठे मिळतो?" मी खालच्या आवाजात विचारलं.

"मिळवायचा नाही. तो कर्नलमध्येच असतो. वरचा भाग मेसा नावाच्या प्रकल्पातून येतो, तोही बसलेलाच आहे. 1993 पासून लोक त्यावर खपतायत. लिनक्स टाकलंस त्या रात्रीपासून सगळं घरात आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोही चार रात्रींचा.

"मग चालत का नव्हतं?"

त्याने आणखी एक आज्ञा दिली. कर्नल सुरू होताना त्याला काय काय बजावलं होतं, ती ओळ पडद्यावर आली. तिच्या शेवटी, शेंदूर फासलेल्या दगडासारखा, माझा मंत्र उभा होता. नोमोडसेट.

भाचा काही बोलला नाही. त्याच्या वयात आम्ही मोठ्यांवर हसायचो. ही पिढी नुसतं बघते, ते जास्त लागतं. मग त्याने समजावलं. पडद्याची मांडणी कर्नलने स्वतः करायची, हा प्रघात 2009 पासूनचा. नोमोडसेट म्हणजे, मांडणीला हात लावू नकोस. हात लावायचा नाही म्हटल्यावर ड्रायव्हर दाराबाहेरच थांबतो. मुकादम पहिल्या रात्रीपासून माझ्या दारात उभा होता, वाढप्यांना घेऊन. दाराला कडी मी घातली होती, आणि आत बसून ओरडत होतो, की कोणीच येत नाही.

"पुस तू स्वतः," भाचा म्हणाला आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. सुडो लिहिलं. पासवर्ड दिला. शब्द पुसला. यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि माझा टीव्ही पहिल्यांदाच त्याच्या पूर्ण 82,94,400 ठिपक्यांनिशी उजळला.

लगेच चाकं फिरवून बघितली. सेकंदाला 60.

माझा चेहरा पडला. "अरे, आठशे चाळीस होते! बिघडलं! तो शब्द परत टाकू का?"

भाच्याने कीबोर्ड उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. "मामा, आता चाकं टीव्हीच्या तालावर फिरतायत. टीव्ही सेकंदाला साठ वेळा बदलतो, म्हणून साठ. आधी ती नुसती बेभान होती." मला ते पटलं. आठवडाभर मीही तसाच होतो.

शेडर लावला. आडव्या रेघा आल्या, कडा गोलावल्या, शिपायांच्या निळ्या-लाल विजारी एकमेकींत पाझरल्या. साताऱ्यातल्या आमच्या बाहेरच्या खोलीतला टीव्ही जसाच्या तसा समोर. साठच्या साठ चित्रं. पंखा गप्प. मी धबधब्याचा सराव सुरू केला. दहा रात्री केला. बायको आता उठून बघायलाही येत नव्हती.

दादा आला. जेवणं झाली. मी खोलीतले दिवे मालवले, पहिला कंट्रोलर स्वतःकडे ठेवला आणि टीव्ही लावला.

दादाने डोळे बारीक केले. "टीव्ही गेला काय रे तुझा? रेघा दिसतायत."

मी त्याला सगळं सांगितलं. शेडर, कार्ड, तपकीर गल्ली, मुकादम. मंत्राचं सांगितलं नाही. तो ऐकून घेऊन म्हणाला, "पण आपल्या टीव्हीवर कुठे रेघा होत्या? स्वच्छ दिसायचं की."

"आरशासारखं," आई म्हणाली.

त्या टीव्हीचा चॅनेल बारीक चक्री फिरवून जुळवायला लागायचा, शेजारी मिक्सर लागला की पडद्यावर मुंग्या धावायच्या, आणि चित्र थांबावं म्हणून दादानेच मला कितीदा ॲन्टेनाची वायर धरून उभं केलं होतं. पण दोघांनाही तो आरशासारखा आठवत होता. त्यांच्या डोक्यातला 1996 चा टीव्ही कधीच 4के झालाय, तोही कार्डाशिवाय. मी एक कळ दाबून शेडर काढला. आठवड्याची मेहनत एका कळीत गेली.

"मामा," कोपऱ्यातून भाचा हळूच म्हणाला, "असाच खेळायचा असेल तर हा प्रोसेसरवरही चालला असता. नोमोडसेट असतानासुद्धा."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पहिली पातळी गेली, दुसरी गेली, धबधबा आला. मी पहिला शिपाई, हातात दहा रात्रींचा सराव. पहिली उडी मारली, दुसरी मारली. दादाने पंचवीसेक वर्षांत कंट्रोलरला हात लावला नव्हता. तो दुसऱ्या शिपायाला घेऊन टणाटण वर गेला, पडदा त्याच्यामागोमाग सरकला, आणि मी खालच्या कडेला, नेहमीच्या जागी, मेलो.

"हळू आहेस, बारक्या," दादा म्हणाला.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अरे, त्याला एकदा तरी जिंकू दे, लहान आहे तो."

मी एकोणचाळीस वर्षांचा आहे. माझी मुलगी शेजारी बसून हे सगळं बघत होती. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. शेडर नसतानाही बहुरूप्याने सोंग चोख वठवलं होतं. मूळच्या सगळ्या खोडी जशाच्या तशा उतरल्या होत्या, माझ्यासकट.